डबा रिकामा परत करावा

जगातली भूक मिटवण्याचं काम मुलुंड पूर्वेला, शुभंकर सोसायटीच्या तळमजल्यावर, टपालाच्या पेट्यांच्या शेजारी सुरू झालं आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते बंद पाडलं. कारण अर्ज नव्हता.

काम होतं निधीचं. निधी तिरोडकर, दुसरा मजला, अंधेरीच्या एका डिझाइन कॉलेजात शेवटचं वर्ष. त्या वर्षी कॉलेजने सगळ्या मुलांना एकच विषय दिला होता. जगातली भूक आणि अन्नाची नासाडी यावर प्रत्येकाने एक उपाय शोधायचा, तो खऱ्या माणसांत वापरून बघायचा आणि शेवटी परीक्षकांना जागेवर नेऊन दाखवायचा. 'जगातली' हा शब्द ऐकून तिचे वडील मधुकर तिरोडकर चहाचा कप तसाच हातात धरून बसले. विमा कंपनीच्या ऑडिट खात्यात उभा जन्म काढून नुकताच निवृत्त झालेला माणूस तो. कुठल्याही गोष्टीला पुरावा काय, हा त्याचा पहिला प्रश्न.

"अगं, जगातली?" तो म्हणाला. "आपल्याला सोसायटीची टाकी वेळेवर धुऊन घेता येत नाही."

"बाबा, म्हणूनच सोसायटीपासून सुरुवात करतेय," निधी म्हणाली.

बाकीच्या मुलांनी काय काय काढलं होतं म्हणता. एकाने खाता येणारा चमचा केला होता. एका मुलीने शेवाळाची बिस्किटं केली होती. निधीने त्यातलं एक घरी आणलं, मधुकरने ते चावलं आणि भुकेचा प्रश्न यामुळे नक्की सुटेल असं मत दिलं, कारण हे खाल्लेल्या माणसाला पुन्हा काही खावंसं वाटणार नाही. निधीचा उपाय त्यामानाने साधा होता. एक जाळीचं कपाट. घरात जे उरेल ते फेकायचं नाही, डब्यात घालून खाली कपाटात ठेवायचं. ज्याला हवं त्याने न्यायचं, खायचं, डबा परत आणून ठेवायचा. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं रोज वजन करायचं. वजन उतरलं की प्रयोग यशस्वी. आणि उतरलं नाही तर वर्ष पुन्हा.

हे 'वर्ष पुन्हा' मधुकरच्या फार जिव्हारी लागलं होतं, त्याला कारण होतं. बारावीनंतर निधीने कॉमर्सला जावं म्हणून त्याने घरात उपोषण सोडून बाकी सगळं केलं होतं. "चित्रं काढून कोणाचं पोट भरलंय?" हे वाक्य तर त्याने इतक्यांदा म्हटलं होतं, की पुढे पुढे त्याची बायको कुंदाच त्याच्या आधी म्हणून टाकायची. आता पोरीचं वर्ष गेलं असतं तर त्याचंच म्हणणं खरं ठरलं असतं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपलं म्हणणं खरं ठरू नये असं मधुकरला मनापासून वाटत होतं.

तर अर्ज. सेक्रेटरी चंद्रप्रकाश देवस्थळी, पहिला मजला. या माणसाचा जीव नियमांत होता. त्याने मधुकरचा अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "कपाट स्थावर की जंगम?"

"म्हणजे?"

"स्थावर असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल. जंगम असेल तर माझी पुरे."

निधीने कपाटाला चाकं लावली. तळमजल्याच्या फरशीला गेटच्या दिशेने उतार आहे हे सोसायटीत कोणालाच माहीत नव्हतं, ते या निमित्ताने कळलं. पहिल्याच सकाळी कपाट आतल्या कोबीच्या भाजीसकट गेटपाशी जाऊन उभं होतं आणि वॉचमन त्याला आत ढकलत होता. मग चाकांखाली विटा लावल्या. देवस्थळींनी विटांसाठी वेगळा अर्ज मागितला, कारण विटा म्हटलं की बांधकाम आलं.

त्यानंतर प्रश्न आला कप्प्यांचा. मासळीचा डबा आणि वरणाचा डबा शेजारी शेजारी कसे ठेवणार? दोन कप्पे झाले. मग कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी विचारलं, आमचं काय? तिसरा कप्पा झाला. मग संकष्टी आली आणि उपासाची खिचडी कुठल्या कप्प्यात यावरून जिन्यात सभा भरली. चौथा कप्पा झाला. निधीने कॉलेजात दाखवलेल्या आराखड्यात एक सुबक, सडपातळ कपाट होतं. प्रत्यक्षात उभं राहिलं ते उंचीला मधुकरच्याही वर गेलं.

"ह्यां तर आमच्या गावच्या कपाटासारख्या दिसता," तिसऱ्या मजल्यावरच्या वनमालाबाई आचरेकर कौतुकाने म्हणाल्या. बाई वयाने आणि शब्दाने सोसायटीत सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांनी बरं म्हटलं की बाकीच्यांना बरं वाटायला लागायचं.

कचऱ्याचं वजन करायचं काम मधुकरकडे आलं, कारण निधी सकाळी लवकर अंधेरीला निघायची. प्रवासाची बॅग टांगून वजन करायचा एक हातकाटा घरात होता. रोज सकाळी मधुकर तो काटा घेऊन खाली जाई, ओल्या कचऱ्याची बादली त्याला लटकवी, आकडा वाचे आणि फोनवर निधीला कळवी. ज्या माणसाला बघून शाखा कार्यालयांतले मॅनेजर खुर्चीवरून उठत, तो आता रस्त्याच्या कडेला केळीच्या सालींचं वजन करत उभा. येणारे-जाणारे थांबत. कोणी म्हणे, बादलीचं वजन वजा करा. कोणी म्हणे, पाणी निथळून मग घ्या. शेजारच्या सुखनिवास बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी तर आपुलकीने विचारलं, "पेन्शनचं काही अडलंय का?" मधुकरने या सगळ्यांकडे दुर्लक्ष केलं. म्हणजे केलं असं त्याने कुंदाला घरी येऊन सविस्तर सांगितलं.

पहिल्या आठवड्यात वजन खरोखर उतरलं. निधी खूश. मधुकर तर इतका खूश, की जेवताना तो 'आपला प्रोजेक्ट' म्हणायला लागला.

आणि मग डबे परत यायला लागले.

आता ज्या शहाण्या माणसांनी जगाच्या भुकेचा अभ्यास केलाय त्यांच्या पुस्तकांत ही गोष्ट नसेल, पण तुमच्या आमच्या घरात ती लहानपणीच अंगात भिनलेली असते. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. त्यात काहीतरी घालायचं. लाडू घाला, चार करंज्या घाला, काही नसेल तर वाटीभर साखर घाला, पण रिकामा नाही. निधी याच घरात वाढली होती. तिने कपाटाची जाळी कशी असावी, कडी कुठल्या उंचीवर असावी, वाकता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने काय करावं, या सगळ्याचा विचार केला होता. डबा परत येताना त्यात काय असेल याचा विचार करावा असं तिला सुचलंच नाही, कारण काही असणारच, हे तिला गृहीत होतं.

कुंदाने पहिल्या दिवशी दुधीची भाजी ठेवली होती. दुधीची भाजी उरते यात बातमी नाही. पण तो डबा परत आला त्यात वनमालाबाईंनी घावणे आणि नारळाचा रस घातला होता. कुंदाने डबा उघडला आणि तिचा चेहरा उतरला.

"आता यांना काय द्यायचं?"

"काही द्यायचं नाही. नियम असा आहे की उरलं तरच ठेवायचं," मधुकर म्हणाला.

"त्यांनी ताजे घावणे दिले आणि मी त्यांना उरलीसुरली उसळ देऊ? काहीतरीच तुमचं."

कुंदाने अळूवड्या केल्या. त्या गेल्या त्या डब्यातून कोळंबीभात आला. कोळंबीभात खाल्ल्यामुळे घरची आमटी उरली. आमटी एकटी कशी ठेवायची म्हणून सोबत कोथिंबीरवडी गेली. हे एका घराचं. अशी सोळा घरं धरा. पंधरवड्यात कपाटात उरलेलं असं काही उरलंच नाही. सगळं मुद्दाम केलेलं. सकाळी अकराच्या सुमाराला बायका एकमेकींना जिन्यात विचारत, "आज उरलेल्यात काय करणार आहेस गं?"

आणि प्रत्येकाच्या घरी शेजारचं पक्वान्न आल्यामुळे प्रत्येकाच्या घरचं साधं जेवण तसंच राहायला लागलं. पोळ्या राहिल्या, भात राहिला, आमट्या राहिल्या. त्यांना कपाटात जाण्याइतकी पत राहिली नव्हती, म्हणून त्या बादलीत गेल्या. बादलीचं वजन प्रयोगाच्या आधी होतं त्याच्या वर गेलं आणि वरच राहिलं. मधुकरचंही तसंच झालं. त्याला साखर आहे हे उभ्या सोसायटीला ठाऊक होतं, त्यामुळे सगळे त्याला आग्रह करताना "थोडंच घ्या" असं बजावून करायचे.

निधीने आलेख काढला. तिच्या सरांनी तो उलटा धरला, मग सुलटा धरला आणि म्हणाले, "परीक्षक पंधरा दिवसांनी, शनिवारी येतायत. बघ काय करतेस."

त्या संध्याकाळी ती घरी येऊन सरळ ओट्यापाशी उभी राहिली आणि कुंदाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "वाट लागली, आई. सगळे पास होणार आणि मी इथेच. जगातली भूक मिटवायला निघाले आणि आपल्या बिल्डिंगमध्ये लोक चार-चार वेळा जेवायला लागले."

मधुकरला पोरीचं रडणं बघवेना. तो आतल्या खोलीत गेला, टेबलाशी बसला आणि नोकरीत असताना ज्या हाताने मोठमोठ्या कार्यालयांना घाम फोडला होता त्या हाताने नोटीस लिहिली. 'सर्व सभासदांस कळवण्यात येते की कपाटातील डबा वापरानंतर स्वच्छ धुऊन रिकामा परत करावा.' खाली सही.

नोटीस लागली आणि सोसायटीत शांतता पसरली. चांगली नव्हे. दुपारी वनमालाबाई जिना उतरून, गुडघे धरत, दाराशी आल्या.

"मधू, ह्यां काय लिवलंस रे? रिकामो डबो खयच्या घरातसून येता, ठावक आसा तुका? मयताच्या घरातसून. शुभंकरात कोण मेलो?"

"मावशी, तसं नाही हो…"

"माका इतक्यात मराचा नाय," असं म्हणून त्या परत जिना चढून गेल्या.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. घरातलं माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात नेऊन देतात. तेवढाच एक डबा असतो जो रिकामा परत येतो, आणि तो तसा आल्याचं कोणी मनावर घेत नाही. बाकी रिकामा डबा म्हणजे अपशकुन, नाहीतर अपमान.

सोसायटीने मग मधला मार्ग काढला. डबे परत यायला लागले, धुतलेले, पुसलेले आणि आत चिमूटभर साखर. देवस्थळींना विचारलं तर ते म्हणाले, 'रिकामा' या शब्दाची व्याख्या नोटिशीत दिलेली नाही. साखरेला मुंग्या आल्या. मुंग्या कपाटातून टपालाच्या पेट्यांत शिरल्या. तिसऱ्या मजल्याचं विजेचं बिल मुंग्यांसकट वर गेलं. फवारणीवाला बोलवावा लागला, त्याने कपाट दोन दिवस बंद ठेवलं, आणि त्या दोन दिवसांत कपाटात जायचं ते सगळं लोकांनी थेट तिरोडकरांच्या घरी आणून दिलं, कारण कपाट त्यांचं.

शेवटी मधुकरने तो मार्ग धरला जो त्याने जन्मात धरला नव्हता. तो दारोदार गेला आणि हात जोडले. "वहिनी, शनिवारपर्यंत फक्त. साखर नको, वेलची नको, तुळशीचं पान पण नको. पोरीचं वर्ष आहे." ज्याच्याशी पार्किंगवरून दहा वर्षं बोलणं नव्हतं त्याच्याही दारात तो उभा राहिला. घरी आल्यावर तो चपला न काढताच खुर्चीत बसला. कुंदाने न विचारता त्याच्यासमोर बिनसाखरेचा चहा ठेवला.

लोकांनी मात्र शब्द पाळला. पोरीचं वर्ष म्हटल्यावर वनमालाबाईसुद्धा विरघळल्या. त्या आठवड्यात शुभंकरमधून एकही भरलेला डबा परत फिरला नाही. वजन खाली यायला लागलं. निधीच्या आलेखाने शेपूट खाली वळवलं. कपाटातल्या भाज्या पुन्हा दुधी आणि कोबीच्या पातळीवर आल्या.

फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. महिनाभरात डबे शुभंकरच्या बाहेर गेले होते. सुखनिवासमधली सुलक्षणा, कुंदाची भिशीची मैत्रीण, तिचा एक डबा तिरोडकरांकडे होता. कुंदाने नवऱ्याचा शब्द राखायचा म्हणून तो डबा धुतला, पुसला आणि शनिवारी सकाळी वॉचमनबरोबर पाठवून दिला. रिकामा.

सुलक्षणाने डबा उघडला आणि तिथेच खाली बसली. कुंदा तिरोडकर कधी रिकामा डबा पाठवेल? मग तिला आठवलं, तिरोडकर भावोजी दोन दिवस फिरायलाही दिसले नाहीत. खरं तर ते कचऱ्याचं वजन उजाडायच्या आत उरकून कपाटाची राखण करत होते, पण हे तिला काय माहीत. त्यांना साखर होती, हे मात्र तिला माहीत होतं. खाली शेजारणीला विचारावं तर तिचाही डबा शुभंकरमधून काल रिकामाच आलेला. आता अशा वेळी कोणी फोन करून 'गेले का?' असं विचारतं का? अशा वेळी जायचं असतं. सुलक्षणाने पिठलं टाकलं. शेजारणीने भात लावला. आणखी कोणी कोणी काय काय केलं आणि सुखनिवासचा एक घोळका, पांढरे-फिकट कपडे घालून, डबे घेऊन शुभंकरकडे निघाला.

इकडे परीक्षक आले होते. बाहेरून आलेल्या मुख्य परीक्षक शर्मिष्ठा मॅडम पांढऱ्या शुभ्र हातमागाच्या साडीत होत्या. सोबतचे दोन सर पांढऱ्या कुडत्यांत. डिझाइनवाल्या माणसांना रंगांची एवढी जाण असते, की ती स्वतः रंग वापरत नाहीत. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तिघं गंभीर चेहऱ्याने बसली होती. समोर निधी उभी, रात्रभर जागून डोळे लाल झालेले. पाऊण तास मिळाला होता आणि त्यात सगळं सांगायचं होतं. मधुकरला तिने वरून हलायचं नाही म्हणून बजावलं होतं, कारण परीक्षकांनी काही शंका काढली असती तर त्याने त्यांचंच ऑडिट सुरू केलं असतं. मधुकरने मान डोलावली होती आणि मागच्या जिन्याने उतरून पार्किंगच्या खांबामागे येऊन उभा राहिला होता.

निधीने पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि सुखनिवास गेटमधून आत आलं.

पांढरे कपडे, खुर्च्या, शांतता, पोरीचे रडलेले डोळे. सुलक्षणाला जी काही थोडी शंका होती तीही गेली. सगळे निमूट मागे उभे राहिले. शर्मिष्ठा मॅडमना वाटलं, निधीने कपाट वापरणारी माणसं बोलावली असणार. त्यांनी पेन काढलं आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुमचा अनुभव सांगा."

सुलक्षणाने पदर डोळ्यांना लावला. "काय सांगू? असा माणूस होणे नाही. पोरीसाठी रोज सकाळी कचऱ्यापाशी उभे राहायचे. आम्ही हसायचो. त्यांनी कधी उलट शब्द काढला नाही."

मॅडमनी लिहून घेतलं.

"मी त्यांना पेन्शनचं विचारलं होतं," सुखनिवासचे ते गृहस्थ म्हणाले. "विचारायला नको होतं."

गर्दी बघून पहिल्या मजल्यावरून देवस्थळी खाली आले. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं. देवस्थळींनी सकाळपासून मधुकरला पाहिलं नव्हतं. मग पुढे येऊन म्हणाले, "या सोसायटीत मी पंचवीस वर्षं नोटिसा लावतोय. त्या शेवटपर्यंत वाचणारा एकच माणूस होता. चूक काढायला का होईना, पण वाचायचा. आता मी कोणासाठी लिहू?"

पार्किंगवरून न बोलणारा शेजारीही आला. "परवा माझ्या दारात हात जोडून उभा होता," तो म्हणाला. "मीच आधी जायला हवं होतं."

खांबामागे मधुकर पाठ टेकून उभा होता. पहिल्या दोन वाक्यांना त्याला कळेचना की हे कोणाबद्दल चाललंय. कळलं तेव्हा तो रागाने एक पाऊल पुढे आला. मग सुलक्षणा म्हणाली, "स्वभाव फणसासारखा, पण आत गोडच गोड," आणि ते पाऊल त्याने मागे घेतलं. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटत होतं. सदतीस वर्षांच्या नोकरीत निरोप समारंभालासुद्धा त्याच्याबद्दल कोणी इतकं बोललं नव्हतं. तिथे त्याला एक घड्याळ दिलं होतं आणि 'शिस्तप्रिय' म्हटलं होतं. त्याचे डोळे भरून आले. आता देवस्थळी अजून काही म्हणतायत का, म्हणून तो कान देऊन राहिला.

मग त्याची नजर निधीवर गेली. ती कागद छातीशी धरून नुसती उभी होती, एक शब्द बोलत नव्हती. पोर गांगरली, त्याच्या मनात आलं. शर्मिष्ठा मॅडमनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि पेनाला टोपण लावलं. तिची वेळ चालली होती. आपल्या कौतुकात तिचं वर्ष चाललं होतं. तो खांबामागून बाहेर आला.

"मी आहे," तो म्हणाला.

सुखनिवासच्या एका बाईंच्या हातातून झाकण पडलं ते गडगडत कपाटापर्यंत गेलं. पहिल्यांदा भानावर आली सुलक्षणा, आणि ती भडकली.

"मग डबा रिकामा कशाला पाठवलात, भावोजी?"

शर्मिष्ठा मॅडम निधीकडे वळल्या. "हे नक्की काय चाललंय?"

आणि निधीने सांगितलं. आलेखाचा खाली वळलेला भाग तिने हाताने झाकला. "मॅडम, हा आठवडा खरा नाही. हा बाबांनी दारोदार जाऊन हात जोडले म्हणून आला. खरा आलेख वर गेलाय. मी उरलेलं अन्न संपवायला कपाट केलं आणि लोकांनी एकमेकांना द्यायला म्हणून रांधायला सुरुवात केली. मला वाटलं होतं लोकांकडे अन्न जास्त आहे. इथे द्यायची हौस जास्त आहे. ती मी मोजलीच नाही. माझं डिझाइन चुकलं."

मधुकरने कपाळाला हात लावला. पुरावा स्वतःच्या हाताने समोरच्याला देणारी पोर त्याने ऑडिटमध्ये कधी पाहिली नव्हती.

"आणि हे डबे?" मॅडमनी सुखनिवासकडे बोट केलं. "हे कोणी आणायला सांगितले?"

"सांगायचं काय त्यात?" सुलक्षणा म्हणाली. "त्यांच्याकडे चूल पेटली नसेल म्हणून आणले."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मग विचारलं, "समजा, माणूस गेलेलं नाही. नुसतीच चूल पेटत नाही, आणि ते घर कोणाला सांगत नाही. तिथे हे डबे कसे पोचवशील?"

"माहीत नाही," निधी म्हणाली. "पण आता तेच शोधायचंय."

"शोध. अहवाल नवीन लिहायचा. हा फेकून दे. महिन्याची मुदत देते." मग कपाटाकडे बघून म्हणाल्या, "याची गरज नव्हती." कपाटाला अर्ज, चाकं, विटा आणि चार कप्पे झाले होते, त्यामुळे हे वाक्य मधुकरला लागलं. पण पोरीचं वर्ष वाचलं हे त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला, आणि शिरलं तेव्हा तो तिथेच परीक्षकांसाठी मांडलेल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसला.

राहता राहिला पिठलं-भात. सुखनिवासची मंडळी डबे उचलून निघाली, तर वनमालाबाई जिन्यावरून ओरडल्या. "मयताक आणलेला घराक परत न्हेवचा नाय. हयच खावन संपवा." मग त्यांनी मधुकरकडे आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "आता शंभर वर्षां जगतलंस, मेल्या."

खुर्च्या गोल झाल्या. वरून ताटं आली, कांदा फोडला गेला. शर्मिष्ठा मॅडमनी नको नको म्हणत दोनदा पिठलं घेतलं. सुलक्षणाने मधुकरला वाढताना मुद्दाम जरा कमी वाढलं, राग अजून गेला नव्हता. देवस्थळी त्याच्या शेजारी येऊन बसले आणि खाली मान घालून पिठलं-भात संपवला. शेवटी म्हणाले, "मघाशी जे बोललो ते इतिवृत्तात घ्यायचं नाही."

संध्याकाळी बाप-लेक गॅलरीत बसले होते. कुंदा आत फोनवर सुलक्षणाची समजूत काढत होती. निधीने विचारलं, "बाबा, तू खांबामागे किती वेळ होतास?"

"छे. आत्ताच उतरलो होतो," मधुकर म्हणाला. "आलो तर हा गोंधळ. पण तू गं, अशी गप्प का उभी राहिलीस? सरळ सांगायचं ना त्यांना की बाबा वर आहेत. पाऊण तासातली किती मिनिटं गेली तुझी. वर्ष जायची वेळ होती."

निधी कठड्यावरून खाली बघत राहिली.

"मला दिसत होतास तू," ती म्हणाली. "पहिल्यापासून. देवस्थळी काका बोलत होते तेव्हा तू रडत होतास. म्हटलं, ऐकू दे पूर्ण."

मधुकरने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला. मग आत जाऊन कुंदाला म्हणाला, आज पोरीला आवडतं ते काहीतरी कर, आणि बेतानेच कर.